डास पकडायची लाइटवाली मशीन घेतली, फरक काहीच नाही

परभणीहून लिहितोय. मागच्या महिन्यात 1200 रुपयाची ती निळ्या लाइटची मशीन मागवली, रात्रभर चालू ठेवतो अन् सकाळी ट्रे काढून बघितला की चिलटं, पाखरं, डास म्हणाल तर एखाद-दुसरा. पोरीच्या पायावर मात्र गांधी उठल्यात, अन् तिला दिवसाच जास्त चावतात. कुणाला फरक पडला का हिचा, की परत करू?

लातूरहून: परत करा. निळ्या लाइटला पाखरं येतात. डास येतो आपल्या श्वासावर, घामाच्या वासावर अन् अंगाच्या उबेवर, माणूस शेजारी झोपलेला असताना तो मशीनकडं कशाला जाईल?

नांदेडहून: दिवसा चावतोय म्हंजे बहुतेक एडिस, डेंग्यूवाला, पायावर पांढरे पट्टे दिसतात का बघा. तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, अन् आपल्याकडं नळ आठ-आठ दिवसाला, घरोघरी बॅरल भरलेले, अंड्यापासून डास व्हायला पण साधारण 8-10 दिवसच लागतात. आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून कडा घासाच, नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात अन् सुकली तरी महिनोन्महिने जगतात. कूलर विसरू नका.

बीडहून: हौद रिकामा होत नसेल तर गप्पी मासे सोडा, अळ्या खातात. आरोग्य केंद्रात विचारा. संडासच्या पाइपला जाळी बांधा.

परभणीहून: आत्ताच कूलरची टाकी उघडली, तळाला इंचभर पाणी अन् त्यात नुसती वळवळ. ओतून घासायला घेतोय. मशीन उद्या परत.