'चांगलं व्यसन' असं म्हणता येतं का?

अंत्रुजकर: एका आरोग्य शिबिराचं पत्रक मराठीत करतोय, फोंड्याजवळच्या दोन-तीन गावांत वाटायचंय. त्यात 'पॉझिटिव्ह अ‍ॅडिक्शन' आलंय, विल्यम ग्लासर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्ये धावणं आणि ध्यान यांच्यासाठी वापरलेला शब्द. मी सरळ 'चांगलं व्यसन' लिहिलं, तर वाचनालयातले काका म्हणाले व्यसन चांगलं असूच शकत नाही, खोडा ते. 'चांगली सवय' केलं तर अर्थच गेला. काय लिहू? शुक्रवारी छापायला द्यायचंय.

माशेलची लेक: 'छंद' लिहा की.

अंत्रुजकर: छंद एखाद्या दिवशी राहिला तर राहिला हो ताई. इथे एक दिवस चुकला तरी चैन पडत नाही.

डिचोलीचा मास्तर: काकांचं अर्धंच बरोबर. वि + असन, अस् म्हणजे फेकणे, माणसाला जाग्यावरून भिरकावतं ते व्यसन, म्हणून संस्कृतात संकट असाही अर्थ आहे. पण भर्तृहरीने थोरांचे गुण सांगताना 'व्यसनं श्रुतौ' म्हटलंय, विद्येचं व्यसन, आणि तेही कौतुकाने. बिनधास्त लिहा.

मांडवीकाठ: मास्तर, पत्रक वाचणाऱ्याला भर्तृहरी माहीत असेलच असं नाही. गावात व्यसन म्हटलं की दारू, गुटखा, मटका, एवढंच डोळ्यापुढे येतं. शब्दाचा अर्थ लोकांच्या तोंडी असेल तोच.

पहाटवारा: मला विचाराल तर व्यसनच ठेवा आणि 'चांगलं' काढा. मी सहा वर्षं रोज पहाटे मिरामारला धावते, गेल्या पावसाळ्यात नडगी दुखायला लागली, बोट लावलं तरी कळ यायची, डॉक्टर म्हणाले सहा आठवडे बंद, आणि मी चौथ्या दिवशी पाच वाजता ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते, आईने विचारलं खंय गो चल्ल्या तर तिच्यावर खेकसले. शेवटी हाडाला बारीक चीर गेली. शेजारच्या घरात दारूवरून होणारी भांडणं लहानपणापासून ऐकलीत, त्या पहाटे माझा आवाज अगदी तसाच लागला होता, ते अजून विसरता येत नाही. १९७० साली अमेरिकेत बेकलँड नावाच्या संशोधकाने रोज व्यायाम करणाऱ्यांना महिनाभर थांबा, पैसे देतो असं सांगितलं, रक्कम वाढवली तरी ते तयार होईनात. याला सवय कसं म्हणायचं?

डिचोलीचा मास्तर: पाय सांभाळा हो. मनुस्मृतीत राजाची अठरा व्यसनं दिलीत, त्यात दारू-जुगाराच्या रांगेत गाणं, नाच, वाजवणं आणि वृथाट्या पण आहे.

माशेलची लेक: गाणं? मग वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन म्हणणारे काय व्यसनी? माझे बाबा पेटीला बसले की ताटातला भात निवून जायचा, आई दोनदा गरम करायची, पण घरात कोणी व्यसन म्हटलं नाही. बाबांना पेटीचा नाद आहे, असंच म्हणायचो. 'नाद' घ्या.

मांडवीकाठ: नाद तरी कुठे स्वच्छ आहे? 'नादी लागला', 'नाद सोड', बहुतेक वाईटच. त्यापेक्षा आपलं कोकणी पिशें, म्हणजे वेड, बघा, 'ताका नाटकाचें पिशें', त्यात माया असते. मराठीतही पिसं आहेच.

डिचोलीचा मास्तर: हल्लीची पोरं पिसं म्हणजे पक्ष्याची समजतील. नाद मूळचा आवाज, पारध्याच्या वाद्याला भुलून हरीण जवळ येतं ही उपमा जुनी, 'नादी लागणे' तिथूनच आलं असं माझं मत.

मांडवीकाठ: मत ठीक, पण पुरावा?

अंत्रुजकर: मंडळी, मग छापू काय?

पेडण्याहून: मध्येच विचारतो, वृथाट्या म्हणजे उगाच भटकणं ना? आजी त्याला उंडारणं म्हणायची, मी नदीवर गेलो की.

डिचोलीचा मास्तर: हो, वृथा + अट्या. अट् म्हणजे फिरणे, पर्यटनातलं अटन तेच.

पेडण्याहून: अरे वा. मग 'भटकणे' पण त्याच अट् मधून का?