गावाकडून फुकट मजुरी घेतली की लोकसहभाग झाला? (ग्वातेमालाच्या डोंगरातला हिशेब)

खडकमाती
"पैसा थेट स्थानिक भागीदार संस्थेला द्या, गावाकडून मजुरी आणि वाळू-दगडाचा वाटा घ्या, आपलेपणा आपोआप येतो." माया भागातल्या ग्रामविकासावरचा हा लेख काल इथे आला आणि त्याखाली नुसती वाहवा. माझं उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

मुळात "स्थानिक" कोणाच्या लेखी? संस्थेचं कार्यालय केत्साल्तेनांगो शहरात आणि काम सान मार्कोसच्या डोंगरात. देशात माया कुळातल्या बावीस भाषा, पण बैठक स्पॅनिशमध्ये. फक्त माम (त्यांतली एक भाषा) येणाऱ्या बायका मागे बसतात आणि शेवटी आक्ताच्या (बैठकीच्या इतिवृत्ताच्या) वहीत अंगठा देतात. २००२ च्या विकास परिषदांच्या कायद्याने गावोगाव कोकोदे (गावविकास) समित्या आल्या. समितीचा शिक्का आणि ती वही दात्याला पाठवली की "लोकसहभाग" सिद्ध! वर्षाचा प्रकल्प संपतो डिसेंबरात, म्हणजे मक्याच्या काढणीत. सर्वेक्षण होतं एप्रिल-मेमध्ये, ऐन पेरणीत. असं वेळापत्रक गावाने ठरवलं असेल का?

आणि ती मजुरी. हुकूमशहा उबिकोच्या १९३४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याने थोडी जमीन असलेल्या किंवा भूमिहीन माणसाला वर्षाला १०० ते १५० दिवस मळ्यांवर राबावं लागे. ऐंशीच्या दशकात, गृहयुद्धात, लष्कराने गावोगाव पहारा दलं उभी केली, त्यांत लाखो माया पुरुष बिनपगारी राबले. ती कायमची बरखास्त झाली १९९६ मध्ये. वेठबिगारीचा एवढा इतिहास असलेल्या भागात फुकट मजुरीला श्रमदान म्हणताना जीभ जरा तरी अडखळायला हवी. नळयोजनेत प्रत्येक घराला अमुक मीटर चर खणायचा असतो. युद्धात नवरा गेलेल्या बाईने काय करायचं? ती रोजंदार लावते. म्हणजे गावातलं सगळ्यात गरीब घर रोख पैसे मोजतं आणि अहवालात त्याची नोंद "श्रम" अशी होते.

डोंगरउतार
अर्धाच इतिहास सांगितलात. चिमाल्तेनांगोतल्या सान मार्तिन हिलोतेपेकेचं नाव कसं निसटलं? १९७२ ते ७९ या काळात एका शेती कार्यक्रमात तिथल्या काक्चिकेल (माया) शेतकऱ्यांनी उतारावर समतल चर काढले, चराच्या वरच्या कडेला गवत लावलं. साधन काय, तर ए-फ्रेम: दोन-दोन मीटरचे दोन वासे, आडवी काठी, दोरीला दगड. दोरी काठीला जिथे टेकते तिथे खूण करायची, पाय उलटसुलट करून दुसरी खूण, दोन्हींच्या मधोमध समतल. (आपल्याकडे पाणलोटाच्या शिबिरांत हेच शिकवतात, तेव्हा कुणी वेठबिगारी म्हणत नाही.) मका हेक्टरी ४०० किलोवरून २,५०० वर गेला. कार्यक्रम संपला तरी उत्पादन वाढतच राहिलं, १९९४ मध्ये ४,५०० किलो. काहीही फुकट वाटलं नाही, हेच तर त्याचं सूत्र! शिकवणारेही गावचेच. पुढे लष्कराच्या भीतीने त्यांतले काही देश सोडून गेले आणि तेच ज्ञान मेक्सिको, निकाराग्वात पोचलं.

खडकमाती
सान मार्तिनचा चर ज्याच्या त्याच्या रानात होता हो! आज खणला तर त्याच हंगामात माती अडते आणि कणसं त्याच घरात येतात. शिवाय आधी तुकड्यावर करून बघायची मोकळीक. नळयोजनेत मी चर खणतो आणि पाणी खालच्या वस्तीला आधी मिळतं. या दोन मजुऱ्या एकाच रकान्यात कशा?

आणि नळयोजना पडतात त्या आपलेपणाच्या अभावी नव्हे. १६० पीएसआय दाबाचा पीव्हीसी पाइप साधारण ११२ मीटर उंचीचं पाणी पेलतो. त्याहून जास्त उतार असेल तर मध्ये दाबतोड टाकी हवीच. उंचवट्यावर हवेची झडप नसेल तर हवा अडकते, पाणी थबकतं. शेतातून जाताना पाइप उथळ पुरला तर कुदळ लागते, उघडा राहिला तर उन्हाने कडक होऊन तडकतो. झऱ्याची जागा आणि नळाची वाट लेखी खरेदी केली नसेल तर मूळ मालकाचा मुलगा एक दिवस पाणी बंद करतो. यातलं काहीही फुकट खणल्याने सुटत नाही.

वाळूचे_नकाशे
अवांतर, पण राहवत नाही. सहभागी ग्रामीण मूल्यमापनाचं तंत्र ऐंशीच्या दशकाअखेरीस भारतातही भरपूर घडलं, मायराडासारख्या संस्थांत. जमिनीवर रांगोळीने नकाशा काढायचा तो गावाने बोलावं म्हणून. आता तो कागदावर उतरवून कार्यालयात नेतात, गावाकडे प्रतही ठेवत नाहीत. चालू द्या.

चुलाणावरची
सगळे पुरुष चर आणि पाइपांवर बोलताहेत. सहभागाची खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. १९७६ च्या भूकंपानंतर केत्साल्तेनांगोजवळ लोरेना चूल निघाली. दोन-तीन भाग वाळू, एक भाग चिकणमाती, भरीव ठोकळा थापून त्यात चाकू-चमच्याने पोकळ्या कोरायच्या. बायकांनी स्वतः बांधली, सहभाग शंभर टक्के. पण तेवढा ठोकळाच उष्णता पिऊन टाकतो. पुढच्या चाचण्यांत लाकडाची बचत तीन दगडांच्या चुलीपेक्षा फारशी दिसेना. माती जास्त झाली की तडे, ते वेगळेच.

डोंगरउतार
म्हणून तर विटांची प्लांचा आली, लोखंडी तव्याची आणि धुराड्याची. सान मार्कोसमध्ये २००२-०४ मध्ये ५३४ घरांत चाचणी झाली. रक्तातला ऑक्सिजन घटवणारा गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. तेही नको का?

चुलाणावरची
पुढचंही सांगा ना. डॉक्टरांनी निदान केलेला एकूण न्यूमोनिया ठामपणे कमी झालाच नाही. आणि त्या घरांत दर आठवड्याला माणूस येऊन चूल तपासत होता, दुरुस्त करत होता. प्रकल्प गेल्यावर कोण येतं? ओलं लाकूड जाळलं की धुराड्यात डांबरी काजळी साचते, ओढ जाते, धूर घरात.

शिवाय निश्तामाल! मका चुन्याच्या पाण्यात तासभर उकळायचा, रात्रभर भिजवायचा, धुऊन दळायचा. तो हंडा प्लांचावर नीट बसत नाही. तव्यातली कडी काढून जाळावर ठेवला तर फटीतून धूर. म्हणून तीन दगड अंगणात राहतातच. प्लांचा आवडते ती एकदम पाच-सहा तोर्तिया (मक्याच्या भाकऱ्या) भाजता येतात म्हणून, फुप्फुसांसाठी नव्हे. बायकांना आधी विचारलं असतं तर हंड्याला वेगळा वैल काढला असता.

डोंगरउतार
म्हणजे संशोधकांनी मूर्खपणा केला?

चुलाणावरची
मूर्खपणा तुम्ही म्हणालात. मी हंड्याचा व्यास म्हणाले.

डोंगरउतार
एवढंच असेल तर चुह (घामाची अंघोळ, इतरत्र तेमास्काल) विसरलात. त्या बंद खोपटात जाळ करून बसतात, कार्बन मोनॉक्साइड चुलीपेक्षाही जास्त. बाळंतिणीलाही तिथेच नेतात. ती बंद करायला सांगा बघू.

चुलाणावरची
बंद कशाला? आधी जाळ, मग निखारे बाहेर, मग माणूस आत. सुईणीशी बोललं तर हे ठरवता येतं. तुम्हाला सगळं बंदच का करायचं असतं?

पाणसळ
भांडण मोडतो म्हणून नाही, पण तोतोनिकापानचं कुणी काढलं नाही. तिथल्या ४८ कान्तोनेसमध्ये (वस्त्यांमध्ये) वर्षभराची बिनपगारी पाळी असते, काश कोल. झरे आणि सामायिक जंगल राखायचं. ही मजुरी फुकटच आहे, खडकमाती. फरक इतकाच की मोजणारे तेच, सवलत देणारेही तेच, आणि अहवाल कुणालाच जात नाही.

खडकमाती
हे मान्य, मनापासून. माझा राग मजुरीवर कमी, रकान्यावर जास्त होता. पण मग दात्याने तिथे पैसे कुठे घालायचे?

डोंगरउतार
बरं, मीही एक पाऊल मागे, नाइलाजाने: सार्वजनिक कामाच्या मजुरीचे पैसे द्यावेत, निदान विधवांना सूट असावी. खासगी रानातल्या चराला मात्र छदामही नको. आता धाग्याचं शीर्षक "तवा की वैल" करा, मूळ विषय केव्हाच धुराड्यातून गेला.

चुलाणावरची
करा की. आणि धुराडं पत्र्यातून काढताना भोकाभोवती पत्र्याची कॉलर बसवा. नाहीतर पहिल्या पावसात पाणी तव्यावर टपकतं आणि तिसऱ्या दिवशी चूल कोंबड्यांना जाते.