टो-हुक मागे घेतला आणि ग्लायडर आडवा पळाला

प्रश्न:
माझा २ मीटर पंखांचा, रिमोटवर उडणारा मॉडेल ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान), फक्त रडर (डावी-उजवी वळणं) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली) असलेला, वजन ९०० ग्रॅम. हाय-स्टार्टवर (जमिनीला बांधलेलं रबर ताणून ग्लायडर वर खेचायची सोय: ३० मीटर रबर, १०० मीटर नायलॉन दोरी) फार सपाट चढायचा, म्हणून पोटाखालचा टो-हुक, ज्यात दोरीची रिंग अडकते, तो मागे सरकवून थेट गुरुत्वमध्याखाली आणला. काल हातातून सुटताच तो डावीकडे वळला. उजवा रडर पूर्ण दिला तरी ऐकेना, पंखाचं टोक जमिनीला घासलं. चूक हुकाची की माझ्या हाताची?

उत्तर १:
हुकाची. हुक गुरुत्वमध्याच्या पुढे असला की दोरीचा ओढा नाक सरळ ठेवतो. हुक मागे गेला की तोच ओढा वळण वाढवतो, मग रडर पुरत नाही. ८-१० मिमी पुढे लावा. चढ कमी वाटला तर एका वेळी १-२ मिमीच मागे घ्या. मीही घाईत एकदम ६ मिमी घेतला होता. पंखाचा स्पार (आतला मुख्य दांडा) गेला. हुक हलवण्याआधी गुरुत्वमध्य मात्र पुन्हा मोजा, बॅटरी बदलली तरी तो हलतो.

उत्तर २:
रबराचा ताणही बघा. स्प्रिंगकाट्यावर ३ किलोच्या आसपास पुरे. वाऱ्याच्या तोंडावर उभे राहा, पंख समांतर, आणि नुसता सोडू नका, ठामपणे पुढे फेका.

प्रश्नकर्ता:
हुक ९ मिमी पुढे घेतला. तीनही उड्डाणं सरळ गेली! माथ्यावर नाक जरा खाली केलं की रिंग आपोआप सुटते.