टीएफएस २०१५ सोडायचाय: आधी बिल्ड, आधी प्रोजेक्ट की आधी सर्व्हर?

नाइलाजाने_अ‍ॅडमिन

नमस्कार मंडळी,

आमच्या टीमचा टीम फाउंडेशन सर्व्हर (टीएफएस, म्हणजे कोड, कामांच्या नोंदी आणि बिल्ड एकत्र सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) अजून २०१५ व्हर्जनवर आहे. ज्यांनी तो उभा केला ते केव्हाच नोकरी सोडून गेले आणि "तुला सर्व्हरचं जरा कळतं ना?" एवढ्या भांडवलावर तो माझ्या गळ्यात पडला. मी मूळचा डेव्हलपर, सी-शार्प लिहिणारा. कुणी हात लावत नाही म्हणूनच तो चालतोय, असा माझा संशय आहे.

परिस्थिती अशी: एक कलेक्शन (प्रोजेक्टांचा गठ्ठा, ज्याचा डेटाबेस एकच असतो), त्यात डझनभर टीम प्रोजेक्ट, पैकी निम्म्यांकडे कुणी फिरकत नाही. सोर्स टीएफव्हीसीत (टीएफएसच्या स्वतःच्या सोर्स कंट्रोलमध्ये). बिल्ड जवळजवळ सगळे जुन्या झॅमल पद्धतीचे (पायऱ्या एक्सएएमएल फाइलीत लिहिलेल्या), ते वाटून देणारा कंट्रोलर एकच. खाली एसक्यूएल सर्व्हर २०१४, ज्याचा सपोर्ट ९ जुलै २०२४ ला संपला. सिक्युरिटीवाल्यांनी तेच धरून ठेवलंय. वरून आदेश आलाय की एका शनिवार-रविवारात अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्स सर्व्हर २०२२ (टीएफएसचंच नवं नाव) वर जायचं, त्यातच प्रोजेक्ट एकत्र करायचे आणि बिल्डही "मॉडर्न" करून टाकायचे.

क्रम काय ठेवू? ट्रायलसाठी सर्व्हरची कॉपी केली तर चालू सर्व्हरला धक्का लागेल का? आणि जुने बिल्ड नव्या सर्व्हरवर निदान दिसतील तरी का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डेटाबेसवाला

२०१५ वरून २०२२ वर थेट जाता येतं. २०१३ किंवा त्याआधीचा असता तर मधे एक थांबा घ्यावा लागला असता. एसक्यूएल २०१४ मात्र चालणार नाही. २०१७, २०१९ किंवा २०२२ हवा. नव्या मशीनवर एसक्यूएल टाकताना फुल-टेक्स्ट सर्चवर टिक करा, नाहीतर पुढे विझार्ड तिथेच अडेल.

त्याच मशीनवर अपग्रेड करू नका. नवं मशीन, बॅकअप, रिस्टोर. २०१४ चा बॅकअप २०१९ वर बसतो, उलटा बसत नाही. टीएफएसचा स्कीमाही (डेटाबेसची रचना) एकदा वर गेला की खाली आणायची सोय नाही. परतीची वाट एकच, हात न लावलेला जुना सर्व्हर.

बॅकअप एकेका डेटाबेसचा सुटा, वेगवेगळ्या वेळी घेत असाल तर ते आजच थांबवा. कॉन्फिगरेशन आणि कलेक्शनचे डेटाबेस एकाच क्षणाचे हवेत. अ‍ॅडमिन कन्सोलमधला शेड्यूल्ड बॅकअप दोन्हींच्या ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये खूण मारून नेमकं हेच करतो.

बिल्डकरी

तुमच्या वरच्यांनी तीन वेगळी कामं एका दावणीला बांधलीत. आधी ती सोडवा. सर्व्हर चढवणं हे तिघांतलं सगळ्यात सोपं काम आहे, कारण ते विझार्ड करतो. बिल्डचं काम विझार्ड करत नाही.

झॅमल बिल्ड टीएफएस २०१० मध्ये आले (पुढचे आकडेही व्हर्जनचेच). २०१५ मध्ये नवी, वेब ब्राउझरमधून बांधायची पद्धत आली. २०१८ मध्ये झॅमल काढून टाकलं, लोकांनी आरडाओरड केल्यावर त्याच्या अपडेट २ मध्ये परत आणलं, आणि २०१९ मध्ये ते गेलं ते गेलंच. म्हणजे आहे तसा सर्व्हर २०२२ वर नेलात तर सोमवारी सकाळी सोर्स असेल, वर्क आयटम (कामांच्या नोंदी) असतील आणि एकही बिल्ड चालणार नाही.

पण तुमच्या २०१५ वर दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालतात. हा फायदा सोडू नका. बिल्ड आत्ताच, चालू सर्व्हरवर, भर कामाच्या दिवशी हलवा. त्यासाठी कुणालाही थांबवावं लागत नाही.

सुरुवात सोप्या बिल्डपासून करायचा मोह होईल. मी उलट सांगेन, सर्वांत जास्त चालणारा घ्या. त्याची झॅमल फाइल व्हिज्युअल स्टुडिओत उघडा आणि स्टॉक टेम्प्लेटपेक्षा वेगळं काय आहे ते शोधा. कस्टम अ‍ॅक्टिव्हिटीच्या डीएलएल सोर्स कंट्रोलमध्येच कुठेतरी चेक-इन केलेल्या असतात, आणि तो पाथ कंट्रोलरच्या प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेला असतो. बहुतेक वेळा आत निघतं ते एवढंच: असेंब्लीइन्फोत व्हर्जन छापणं, शेअरवर फाइली टाकणं, कुणालातरी मेल. यातल्या पहिल्या दोन्हींची साधी पॉवरशेल स्क्रिप्ट करा आणि ती कोडच्या शेजारी चेक-इन करा. मेल नोटिफिकेशनवर सोडा.

इथे माझा हट्ट आहे. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टास्कची माळ ओवू नका. न्यूगेट रिस्टोर, एमएसबिल्ड, टेस्ट, पब्लिश एवढं टास्कमध्ये असू द्या, बाकी अक्कल स्क्रिप्टमध्ये. स्क्रिप्ट डेव्हलपरला स्वतःच्या मशीनवर चालवून बघता येते आणि पुढच्या सर्व्हरवरही तशीच नेता येते. माळ नेता येत नाही.

पाथ तपासा. नवा एजंट (बिल्ड प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) प्रत्येक डेफिनिशनला (बिल्डच्या मांडणीला) अंडरस्कोर-वर्क फोल्डरमध्ये नंबराचं फोल्डर देतो, त्यात एस, बी, ए असे उपफोल्डर. सोर्स एसमध्ये उतरतं. प्रोजेक्ट फाइलमध्ये "दोन फोल्डर वर जा, तिथल्या लिबमधून डीएलएल उचल" असं असेल आणि ते लिब मॅपिंगमध्ये नसेल, तर डेव्हलपरच्या मशीनवर हिरवं आणि एजंटवर लाल. शिवाय एजंट ड्राइव्हच्या मुळाशीच टाका. खोल फोल्डरात टाकलात की २६० अक्षरांची मर्यादा गाठली जाते, आणि येणारा एरर कधीकधी नुसतं फाइल सापडत नाही म्हणतो, पाथ लांब झालाय म्हणत नाही.

मग एकाच चेंजसेटवर (एकाच चेक-इनवर) जुना आणि नवा बिल्ड दोन्ही चालवा आणि आउटपुट ताडून बघा. बाइट जुळवत बसू नका, ते जुळणार नाहीत. डिटरमिनिस्टिक स्विच लावलेला नसेल तर कंपाइलर दर खेपेला नवा एमव्हीआयडी (असेंब्लीचा ओळख क्रमांक) आणि वेळ टाकतो. फाइलींची यादी, व्हर्जन आणि साधारण साइझ बघा. यादीत कमी पडलेली एक कॉन्फिग फाइल सापडली तरी हे काम वसूल.

कॉपीबद्दल: धक्का लागू शकतो, भीती रास्त आहे. कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये चालू एसक्यूएलचे कनेक्शन स्ट्रिंग असतात. रिस्टोर करून तसंच सुरू केलंत तर कॉपी खऱ्या कलेक्शनला जाऊन भिडेल. दोन्ही सर्व्हरांचा जीयूआयडी (ओळख क्रमांक) एकच राहिला तर व्हिज्युअल स्टुडिओचा कॅशही गोंधळतो. यावर उपाय आहेत: टीएफएसकॉन्फिग या कमांड-लाइन टूलमध्ये प्रिपेअरक्लोन, रीमॅपडीबीज आणि चेंजसर्व्हरआयडी हे तीन कमांड आहेत, शिवाय नवीन व्हर्जनच्या विझार्डमध्ये प्री-प्रॉडक्शनचा, म्हणजे ट्रायल अपग्रेडचा, पर्यायही मिळतो. तो निवडाच, आणि वर फायरवॉलमध्ये कॉपीच्या मशीनवरून जुना एसक्यूएल आणि मेल सर्व्हर दोन्ही बंद करून ठेवा. नाहीतर ट्रायलमधल्या वर्क आयटमचे मेल अख्ख्या टीमला जातील. एजंटची काळजी नको, तो स्वतःच्या सेटिंगमधल्या यूआरएलशीच बोलतो. कॉपीसाठी एक वेगळा टाका.

आता जुने बिल्ड. झॅमलचा इतिहास नव्या सर्व्हरवर दिसेल या भरवशावर राहू नका. शेअरवरच्या ड्रॉपमधून (बिल्डच्या आउटपुट फोल्डरमधून) ग्राहकाला गेलेल्या व्हर्जन वेगळ्या काढून ठेवा. पण जास्त सावध राहायचं ते नव्या पद्धतीच्या बिल्डबाबत. व्हर्जन २०२० पासून रिटेन्शनचं (बिल्ड किती काळ ठेवायचे याचं) मॉडेल बदललंय आणि काही सेटिंगमध्ये अपग्रेडनंतर जुने रन डिलीट होतात. हाताने रिटेन केलेले किंवा रिलीजने धरून ठेवलेले तेवढे सुरक्षित. म्हणून जे हवेत त्यांना अपग्रेडच्या आधी "कायम ठेवा" करा. अपग्रेडनंतर करू म्हणाल तर करायला काही उरलेलं नसेल.

नाइलाजाने_अ‍ॅडमिन

खूप आभार. कंट्रोलरच्या प्रॉपर्टीजमधला पाथ सापडला. आत एकच डीएलएल, तिचा सोर्स कुठेच नाही, पण डीकंपाइल केल्यावर दिसलं की ती खरंच फक्त व्हर्जन छापते. बिल्ड नंबर ३.४ आणि पुढे रेव्हचा (दर बिल्डला वाढणारा) आकडा, तोच असेंब्लीत आणि तोच एमएसआय इन्स्टॉलरला. सध्या ३.४.८०० च्या पुढे आहोत. नव्या डेफिनिशनमध्ये तोच फॉरमॅट टाकला तर झालं ना?

बिल्डकरी

नाही झालं. बरं झालं विचारलंत.

रेव्हचा आकडा डेफिनिशनपुरता असतो. नवी डेफिनिशन केली की तो १ पासून सुरू. म्हणजे नवा बिल्ड ३.४.१ आणि ग्राहकाकडे आधीच ३.४.८००. विंडोज इन्स्टॉलर व्हर्जनचे पहिले तीन आकडे बघतो आणि ठरवतो की हा जुना आहे. तुमच्याकडे बिल्ड हिरवा, टेस्ट हिरव्या, आणि ग्राहकाच्या मशीनवर अपग्रेड होत नाही. बिल्डच्या लॉगमध्ये याचा मागमूसही नसतो.

डेफिनिशन बदलताना ३.५ करा, प्रश्न मिटला. कुणी म्हणेल बिल्ड आयडी वापरा, तो अख्ख्या कलेक्शनमध्ये वाढत जातो. खरंय, पण असेंब्ली व्हर्जनचा प्रत्येक भाग ६५५३४ पर्यंतच जातो आणि एमएसआयचा तिसरा आकडा ६५५३५ पर्यंत. गजबजलेल्या सर्व्हरवर बिल्ड आयडी तिथवर पोचतो. आणि चौथ्या जागी आकडा ठेवून एमएसआयला फसवायचा विचार असेल तर चौथा आकडा इन्स्टॉलर बघतच नाही.

पाटी_कोरी

प्रोजेक्ट एकत्र करण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे एकच टीम प्रोजेक्ट आहे, आत प्रत्येक गटाची वेगळी टीम आणि एरिया पाथ (कामांची गटवार विभागणी). प्रत्येकाचा बॅकलॉग वेगळा राहतो. परवानग्या एकदाच द्याव्या लागतात. नवीन सर्व्हरवर जाताना हेही उरकून घ्या, पुन्हा संधी मिळत नाही.

बिल्डकरी

रचना चांगली आहे, वेळ चुकीची आहे. प्रोजेक्ट हलवायचे म्हणजे टीएफव्हीसीत फोल्डर हलवायचे, म्हणजे सगळ्यांचे वर्कस्पेस मॅपिंग बदलायचे, म्हणजे आत्ताच सरळ केलेले बिल्ड पुन्हा वाकडे. आणि सोमवारी काही बिघडलं तर ते अपग्रेडने बिघडलं की हलवाहलवीने, हे कुणालाच सांगता येणार नाही. "पुन्हा संधी मिळत नाही" म्हणाल तर प्रोजेक्टचं नाव बदलायची सोय २०१५ पासूनच आहे आणि वेगवेगळ्या प्रोजेक्टमधली क्वेरीही एकत्र काढता येते. अडतंय असं काही नाही.

जे निम्मे प्रोजेक्ट ओस पडलेत त्यांचे राइट्स काढून फक्त वाचण्यापुरते ठेवा. कुणी आठ-पंधरा दिवसांत ओरडलं तर कळेल की ते ओस नव्हते.

डेटाबेसवाला

याला दुजोरा. फक्त जागेसाठी प्रोजेक्ट डिलीट करत असाल तर आधी बघा की कलेक्शन डेटाबेसमध्ये टीबीएल-कंटेंट टेबल किती मोठं आहे. पुष्कळदा सोर्सपेक्षा टेस्ट रनला जोडलेल्या फाइलींनी जागा खाल्लेली असते. टेस्ट रिझल्टचं रिटेन्शन लावून, सर्व्हरला सावकाश साफ करू द्या आणि मगच ट्रायलचा बॅकअप घ्या. डेटाबेस हलका असला की अपग्रेडचा वेळही कमी होतो. आणि ट्रायलमध्ये किती तास लागले ते लिहून ठेवा, वरच्यांशी शनिवार-रविवारचं बोलताना तोच आकडा लागेल.

नाइलाजाने_अ‍ॅडमिन

वरच्यांना तीन वेगळ्या तारखा हव्यात असं कळवलंय, त्यांनी दोन दिल्या. प्रोजेक्टवाली गळाली, ती मला चालेल. एक शेवटचं: नव्या पद्धतीच्या बिल्डसाठी आत्ता २०१५ वर एजंट टाकतोय, तेच २०२२ ला जोडता येतील का?

बिल्डकरी

नाही. २०१५ चे विंडोज एजंट १.x आहेत, २०२२ ला ते चालणार नाहीत. नवे टाकावे लागतील. म्हणून एजंटच्या मशीनवर काय काय इन्स्टॉल केलं, व्हिज्युअल स्टुडिओची कुठली व्हर्जन, कुठले एसडीके, कुठलं सर्टिफिकेट कुठल्या सर्व्हिस अकाउंटच्या स्टोअरमध्ये, याची स्क्रिप्ट आत्ताच लिहायला घ्या. सर्टिफिकेटची प्रायव्हेट की एक्स्पोर्ट होते का तेही आजच बघा. होत नसेल तर नवं मागवायला लागणारा वेळ तुमच्या तारखेत धरलेला नाही.