मदत हवी आहे: अभंगांच्या डाउनलोडला किती रुपये लावावेत?

टाळकरी_गंगाखेड:
11 अभंग रेकॉर्ड केलेत. डाउनलोडला ठेवायचेत. एकाला किती लावावेत? आषाढीच्या आत ठरवायचंय, लवकर सांगा.

परभणीकर:
कुणाचे अभंग, चाली कुणाच्या, खर्च किती? काहीच सांगायचं नाही अन् वर लवकर सांगा!

टाळकरी_गंगाखेड:
गंगाखेडात जनाबाई सोडून कुणाचे असणार? स्टुडिओ अन् पखवाजवाला धरून 18 हजार गेले, मंडळाच्या पेटीतले.

कॅसेटवाला:
ॲपलचं गाण्यांचं दुकान आयट्यून्स 2012 ला भारतात आलं तेव्हा 7 ते 15 रुपयांना गाणं होतं. 10 लावा. आमच्या वेळी रीळ गुंतली की पेन्सिल घालून फिरवायचो, त्यातच अर्धी दुपार जायची.

मोंढा_लातूर:
10 कोण देतंय? आमच्याकडं मोबाइलच्या दुकानात 50 रुपयांत अख्खं मेमरी कार्ड गाण्यांनी भरून देतात. यूट्यूबला फुकट टाका, कार्यक्रमांच्या सुपाऱ्या येतील.

परभणीकर:
त्या कार्डातला एक छदाम तरी गाणाऱ्याला जातो का? कामून त्याच्याशी बरोबरी करायची? सुटं विकूच नका. 11 चा संच 99 ला ठेवा. बँडकॅम्पसारख्या गाणी विकणाऱ्या साइट 15 टक्के कापतात, म्हणजे हातात 84.15. 214 संच गेले की खर्च निघाला. 10 रुपयांनी सुटे विकले तर न कापताही 1800 विकावे लागतील. पण चालींचं राहिलंच.

टाळकरी_गंगाखेड:
9 आजोबांच्या. उरलेल्या दोन चाली जुन्या कॅसेटवरच्या.

वकील_नांदेड:
मग थांबा. जनाबाईच्या शब्दांवर आता कुणाचा हक्क नाही. चालीवर मात्र संगीतकार गेल्यावर 60 वर्षं असतो. त्या दोन चालींची परवानगी काढा, नाहीतर 9 च विका.

मृदंगी:
पखवाजाच्या डाव्या तोंडाला, आवाज खर्जात यावा म्हणून, कणीक किती लावता? नमुना ऐकला असता तर सांगितलं असतं.

मोंढा_लातूर:
इथं भावाचं चाललंय, हे कणकेत!

टाळकरी_गंगाखेड:
कणीक ठीकच होती. 9 चा संच 79 ला ठेवतो मग. फक्त काका रुसून बसलेत. बापाच्या चाली विकायला काढल्या म्हणतात.

वकील_नांदेड:
हे आधी सांगायचं ना! आजोबांना जाऊन किती वर्षं झाली?

टाळकरी_गंगाखेड:
2009 ला गेले.

वकील_नांदेड:
मग काकाही वारसदारच. किंमत नंतर, आधी त्यांची सही घ्या.