त्रोनी: हिला व्यक्तिचित्र म्हणावं का?

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये १० फेब्रुवारी ते ४ जून २०२३ या काळात सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचं मोठं प्रदर्शन झालं. त्याची मानली जाणारी चित्रं जेमतेम ३७, त्यातली २८ तिथे एकत्र आली. त्यावर मराठीत लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. 'मोत्याचा डूल घातलेली मुलगी' या चित्राचा प्रकार डचमध्ये 'त्रोनी'. मी 'व्यक्तिचित्र' लिहून ठेवलंय, पण मन खातंय. दुसरा शब्द सुचतो का?

प्रतिसाद:
व्यक्तिचित्र नकोच. त्यात एक ठरावीक माणूस असतो, बहुधा त्यानेच पैसे देऊन चित्र काढून घेतलेलं असतं, आणि बघणाऱ्याने त्याला ओळखावं हा हेतू असतो. त्रोनीसाठी समोर कोणी बसलं असेलही, पण ते कोण हे चित्राला सांगायचंच नसतं. चित्रकाराला हवा असतो चेहऱ्यावरचा भाव, डोक्याला गुंडाळलेलं निळं-पिवळं कापड, गालावरचा उजेड. १६९६ साली ॲमस्टरडॅमला व्हर्मीरची २१ चित्रं लिलावात निघाली. यादीत एका चित्राची नोंद 'प्राचीन पेहरावातली त्रोनी' एवढीच होती. कोणाची, हे नाहीच. ते ३६ गिल्डरला (तेव्हाचं डच नाणं) गेलं, तर त्याचंच डेल्फ्ट शहराचं दृश्य २०० ला.

प्रतिसाद:
'तोंडवळा' कसा वाटतो? अस्सल मराठी आहे.

प्रतिसाद:
शब्द गोड आहे, पण आपण म्हणतो 'तिचा तोंडवळा आईवर गेलाय'. म्हणजे साम्य आलंच, आणि साम्य दाखवणं हे व्यक्तिचित्राचं काम. व्यक्तिचित्रासाठीच्या जुन्या 'शबीह' या शब्दाचीही हीच अडचण, त्याचा मूळ अर्थच 'सारखा दिसणारा'. 'मुखचित्र' म्हटलं तर वाचकाला मासिकाच्या सुरुवातीचं चित्र आठवेल. आजच्या डचमध्ये त्रोनी म्हणजे जवळजवळ आपलं 'थोबाड'. अर्थाने जवळचं असलं तरी त्या मुलीला ते लावायला माझा हात धजत नाही.

मला 'चेहराचित्र' पटतं. चेहरा कोणाचाही असू शकतो. पहिल्यांदा 'त्रोनी' लिहून त्याचा अर्थ एका वाक्यात सांगा, पुढे चेहराचित्र वापरा.

प्रतिसाद:
शीर्षकाबद्दल थोडं. 'डूल' योग्यच निवडलात. काही ठिकाणी 'मोत्याची कुडी' वाचलं आहे, ते चूक. कुडी पाळीला चिकटून बसते, इथे दागिना लोंबतो आहे. अडचण 'मोत्या'ची आहे. एवढा मोठा मोती खरा असणं कठीण, काचेचा असावा असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. रंगवलाय तो पांढऱ्या रंगाच्या मोजक्या फटकाऱ्यांत, अडकवायला कडीसुद्धा काढलेली नाही. तरी शीर्षक बदलू नका, फार रुळलंय.

पहिल्या लेखिकेकडून:
'चेहराचित्र' घेते, ते सुचवणाऱ्या काकांचं म्हणणं पटलं. 'लाल टोपीतली मुलगी' आणि 'बासरीवाली मुलगी' या प्रदर्शनातल्या चित्रांनाही तोच शब्द चालेल. बासरीवालीला वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने २०२२ मध्ये व्हर्मीरच्या नावावरून काढलं होतं, राइक्सम्युझियमने मात्र त्याचीच म्हणून मांडली. तिच्यापुढे 'व्हर्मीरकृत' लिहू की 'व्हर्मीरचं मानलं गेलेलं'? मला दुसरं प्रामाणिक वाटतं.

प्रतिसाद:
दुसरंच लिहा. 'मानलं गेलेलं'पेक्षा 'मानलं जाणारं' बरं, वाद अजून चालू आहे.