बुडवले, फसवले की खाल्ले?

फळाखडू :
मी पुण्यात बीबीएच्या मुलांना व्यवसाय कायदा शिकवते. करार आणि मालविक्री सुरळीत पार पडते, मग फौजदारी कायद्याचे चार-पाच तास येतात आणि गाडी भाषेवर अडते. परवा एका उत्तरपत्रिकेत वाक्य होतं, ‘आरोपीने विश्वासघात करून फिर्यादीची फसवणूक केली.’ मी खाली लाल रेघ मारली. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, पेपरात रोज असंच छापून येतं.’ येतं खरं. फसवणूक, विश्वासघात, अपहार आणि पुस्तकातला तो ‘फौजदारीपात्र न्यासभंग’ यांतला फरक मराठी कानाला पटेल असा कसा सांगायचा?

काळाकोट :
मुलाला बोल लावू नका. शिवाजीनगर कोर्टात ही जोडी कितीतरी फिर्यादींत सुखाने नांदते. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं ४०६ (न्यासभंग) आणि ४२० (फसवणूक) लिहायचे. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू झाली, म्हणून आता ३१६ आणि ३१८ लिहितात. आकडे बदलले, जोडी तीच. (‘चारसोबीस’ ही शिवी मात्र कलम गेलं तरी जायची नाही. ‘तीनशे अठरा’ म्हटल्यावर कुणाला राग येणार?)

अशील समोर बसलं की मी एकच विचारतो : पैसे बुडवले, फसवून नेले, की खाल्ले?

बुडवले म्हणजे उधारी होती, ती दिली नाही. माणूस नालायक असेल, पण तेवढ्याने गुन्हेगार होत नाही. दिवाणी दावा लावा. फसवले म्हणजे लबाडी आधी, पैसे नंतर. खोटं बोलला म्हणून तर तुम्ही दिलेत. खाल्ले म्हणजे दिले तेव्हा सगळं स्वच्छ होतं, सांभाळायला किंवा ठरलेल्या कामासाठी दिले होते, आणि नियत नंतर फिरली. पुस्तकातला न्यासभंग तो हाच. ‘विश्वासघात’ या शब्दातच क्रम आहे बघा, आधी विश्वास, मग घात.

हृदयरंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. फसवणुकीचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीलाच असावा लागतो. पुढे शब्द पाळला नाही, एवढ्यावरून तो मागाहून चिकटवता येत नाही.

मुलांना आवडेल असा खटला २०२४ चा, दिल्ली रेस क्लबचा. घोड्यांसाठी ओट वगैरे खाद्य पुरवणाऱ्याचं सुमारे ९ लाखांचं बिल थकलं, त्याने फौजदारी तक्रार केली. न्यायालय म्हणालं, खाद्य विकलं ना? मग ते क्लबचं झालं. स्वतःच्या मालाचा न्यासभंग कसा होईल? आणि एकाच व्यवहारातून फसवणूक व न्यासभंग हे दोन्ही गुन्हे एकत्र निघूच शकत नाहीत, कारण एकात लबाडी आरंभी लागते, दुसऱ्यात आरंभ प्रामाणिक असतो. हा फरक कळण्यासाठी पोलिसांना प्रशिक्षण द्या, असंही सुनावलं. तुमची लाल रेघ योग्य जागी आहे.

रेघोटी :
‘खाल्ले’ला माझी हरकत. मराठीत पैसे खाल्ले म्हणजे आधी लाचच आठवते.

काळाकोट :
मान्य. ‘ढापले’ म्हणा. परीक्षेत मात्र ‘अपहार’.

जांगडवाला :
आमची रविवार पेठेत पेढी. तुमचा फरक आमच्या धंद्यात एका शब्दात असतो : जांगड. माल पसंतीसाठी द्यायचा, पटला तर बिल, नाही तर परत. वडील चिठ्ठीवर तो शब्द ठळक लिहायचे आणि खाली ‘परस्पर विकू नये’. एकाने सहा बांगड्या जांगड नेल्या आणि तिसऱ्यालाच विकून मोकळा झाला. वडिलांनी चिठ्ठी घेऊन चौकी गाठली. दुसऱ्या एकाने तशाच बांगड्या नेल्या, ‘पसंत आहेत, बिल पाठवा’ असा फोन केला आणि मग वर्षभर तोंड दाखवलं नाही. त्याच्या वेळी चौकीवरून हात हलवत परत. तेव्हा आम्हाला हा अन्याय वाटला होता.

काळाकोट :
चौकीवाल्यांचं बरोबर होतं. फोन केला त्या क्षणी बांगड्या त्याच्या झाल्या, उरली ती उधारी. पहिल्या प्रकरणात वडिलांची खालची ओळ कामाची. चिठ्ठीवर नुसतं ‘विक्री किंवा परत’ असतं, तर समोरचा वकील १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २४ काढून म्हणाला असता, विकला म्हणजेच त्याने माल पत्करला. मग पुन्हा बुडवण्याचंच प्रकरण. फळाखडूताई, हे उदाहरण वर्गात न्याच. करार आणि गुन्हा एकाच चिठ्ठीवर भेटतात.

रेघोटी :
‘न्यास’ म्हटलं की मुलांना देवस्थानचा ट्रस्ट आठवतो. मूळ अर्थ ठेवणे, ठेव. मनूच्या अठरा विवादपदांत, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांत, पहिलं ऋणादान आणि लगेच दुसरं निक्षेप. बुडवलेलं कर्ज एका खणात, गिळलेली ठेव दुसऱ्या. तेव्हा हा फरक काही इंग्रजांनी आणलेला नाही. सरकारी अनुवादात फसवणुकीला ‘ठकवणूक’ आहे, तो शब्द मला जास्त आवडतो. ठक आधीपासूनच ठक असतो.

फळाखडू :
आता हमखास येणारा प्रश्न. चेक वटला नाही, तर ते या तिघांत कुठे?

काळाकोट :
कुठेच नाही, त्याला स्वतंत्र खोली आहे. १८८१ च्या पराक्राम्य संलेख (चेक, हुंड्या वगैरेंच्या) कायद्याचं कलम १३८, तेही १९८९ पासूनचं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर द्यायला १५ दिवस, तरी नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लबाडीचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. उलट चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कलम १३९ गृहीत धरतं, नाही म्हणणाऱ्याने ते खोडायचं. आणि प्रकरण आपसात मिटवताही येतं.

म्हणून पी. मोहनराज खटल्यात, २०२१ साली, सर्वोच्च न्यायालयाने याला लांडग्याचं कातडं पांघरलेली मेंढी म्हटलं. लांडगा फौजदारी, मेंढी दिवाणी. आपल्या म्हणीच्या बरोब्बर उलट! त्यामुळे कंपनीच्या दिवाळखोरीच्या कारवाईत तिच्यावरच्या दाव्यांना स्थगिती लागली की कंपनीविरुद्धचा १३८ चा खटला थांबतो, सही करणाऱ्या संचालकांविरुद्धचा चालू राहतो. संचालक व्हायला निघालेल्या मुलांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.

फळाखडू :
दाखवते. त्या मुलाला बोलावून विचारलं, ‘आरोपीने आधी काय केलं?’ तो बराच वेळ थांबून म्हणाला, ‘मॅडम, प्रश्नात ते दिलेलंच नव्हतं.’ प्रश्नपत्रिका मी काढली होती. अर्धा मार्क दिला.